सनमायका : अभ्रकाविना अभ्रक

सनमायकाचा तुकडा मोडला की आतून तपकिरी निघतो. वर सागवानी रेघा असोत, पांढरा संगमरवर असो की साधा दुधी रंग, सगळ्यांच्या पोटात तोच तपकिरी. तो कागद आहे. सामानाच्या पिशव्या ज्याच्या करतात तो जाड क्राफ्ट कागद फिनॉलच्या राळेत भिजवून वाळवतात आणि त्याचे थर एकावर एक रचतात. सर्वांत वर नक्षी छापलेला कागद येतो, तो मेलामाइनच्या राळेत भिजवलेला. ही चवड पोलादी पत्र्यांमध्ये ठेवून तापवतात आणि दर चौरस इंचाला हजार पौंडांहून जास्त दाब देतात. राळ वितळते, थराथरांत मुरते आणि कायमची घट्ट होते. पुन्हा कितीही तापवली तरी ती वितळत नाही, फक्त करपते. या सगळ्यातून आठ बाय चार फुटांचा तक्ता बाहेर पडतो, जाडीला जेमतेम एक मिलिमीटर.

सनमायका हे मुळात एका कंपनीच्या मालाचं नाव. आता कोणत्याही कंपनीचा तक्ता घ्या, दुकानदार, सुतार आणि आपण त्याला सनमायकाच म्हणतो. त्या नावात मायका म्हणजे अभ्रक आहे, मालात मात्र अभ्रकाचा कणही नाही. याचा उगम अमेरिकेत सापडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या यंत्रांत वीज अडवायला अभ्रक लागायचं. अभ्रकाचे पापुद्रे जगाला पुरवण्यात आपला देश आघाडीवर होता, कोडर्म्याच्या खाणी त्यासाठीच प्रसिद्ध होत्या. वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोन तरुण इंजिनिअरांनी कापड आणि राळ दाबून अभ्रकाला पर्याय शोधला. १९१३ मध्ये त्यांनी सिनसिनाटीत स्वतःची कंपनी काढली. ‘मायकाच्या ऐवजी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून मालाचं नाव ठेवलं फॉर्मायका. टेबलांवर तो बराच नंतर चढला. फिनॉलची राळ गडद असते, त्यामुळे फिके रंग खुलत नसत. १९३८ च्या सुमारास पारदर्शक आणि टणक मेलामाइन आलं. महायुद्धानंतर अमेरिकेत जी लाखो घरं बांधली गेली, त्यांच्या स्वयंपाकघरांत हाच तक्ता पसरला.

आपल्याकडे ओटा त्याच्या हाती कधी लागला नाही, आणि ते योग्यच झालं. फोडणीची कढई आपण गॅसवरून उतरवून थेट बाजूला ठेवतो, रात्री ओट्यावर पाणी ओतून तो घासून काढतो. हा मारा कडप्प्याने आणि ग्रॅनाइटने सोसावा. पण ओट्याशेजारचा, मिक्सर आणि डबे ठेवायचा प्लायवूडचा काउंटर घ्या, किंवा मुलांचं अभ्यासाचं टेबल. तिथे सनमायकासारखं दुसरं काही नाही. हळदीचा डाग ताबडतोब पुसला तर निघतो, आणि खर्च दगडाच्या मानाने थोडा.

आमचा काउंटर सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद. जुना सनमायका सिंककडच्या टोकाला सुटून वर उचलला गेला होता. ज्या सुतारकाकांनी आमची कपाटं केली होती, त्यांना विचारलं, “मी स्वतः लावला तर चालेल?” ते म्हणाले, “लावा ना ताई, मी शेजारी बसतो. फक्त खालचं काम मी सांगेन तसं करायचं.”

खालचं काम म्हणजे बहुतेक सगळं काम. जुना तक्ता पटाशीने सोडवला, तर सिंकजवळचं प्लाय पाण्याने फुगून पानापानाने सुटलेलं. तेवढा भाग कापून तिथे नवं पाणीरोधक प्लाय बसवलं. मग पॉलिश पेपर, मग ब्रश, मग कोरडं फडकं. काका तळहात सपाट ठेवून पूर्ण फळीवर फिरवत होते. एका जागी थांबले. तिथे वाळूचा एक कण होता. एक मिलिमीटरचा चकचकीत तक्ता खालचं काहीच झाकत नाही, कण राहिला तर उजेड तिरका पडला की तिथे पुळी दिसते. नवा तक्ताही दोन दिवस आधीच आणून त्याच खोलीत आडवा ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. कागदच तो. पावसाळ्यात ओल घेऊन वाढतो, उन्हाळ्यात आकसतो. म्हणूनच सुटी फळी असेल तर तिच्या मागच्या बाजूलाही तक्ता लावावा, नाहीतर ती कमान धरते.

कापायला करवत लागली नाही. एक्सापत्ती, म्हणजे हॅकसॉची पत्ती, घासून तिच्या टोकाला केलेलं आकडीसारखं पातं काकांच्या पेटीत होतं. पट्टी धरून नक्षीच्या बाजूने सात-आठ वेळा ओरखडायचं, खालचा तपकिरी रंग दिसेपर्यंत, आणि मग पट्टी दाबून धरून मोकळी बाजू वर उचलायची. टक् असा आवाज येतो आणि तक्ता रेषेवर तुटतो. उलट, खाली दाबला तर कडेचे टवके उडतात. चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जास्तच कापायचं.

गोंद दोन प्रकारचे. पांढरा फेविकॉल संथ असतो, वजनं ठेवून रात्रभर दाबावं लागतं, पण तक्ता सरकवून नीट करता येतो. पिवळसर रबरी गोंदाचं तसं नाही. तो फळीला लावायचा, तक्त्याच्या पाठीलाही लावायचा आणि दोन्ही वाळू द्यायचे. “बोट लावून बघा,” काका म्हणाले. “बोटाला लागला तर अजून थांबायचं.” पंधरा-वीस मिनिटं गेली. त्याची वाफ पेट घेते, त्यामुळे गॅसचं बटण सिलिंडरपाशीच बंद केलं होतं, खिडक्या सताड उघड्या आणि देवापुढचा दिवाही शांत केलेला. स्वयंपाकघरात हे काम करणाऱ्याने एवढं तरी पाळावंच.

दोन वाळलेले थर भेटले की तिथेच धरतात, केसभरही सरकत नाहीत. त्यासाठी काकांनी फळीवर वीतभर अंतराने गोल काठ्या आडव्या ठेवल्या. तक्ता काठ्यांवर ठेवून चारही बाजू जुळवल्या, मग मधली काठी ओढून काढली आणि हाताने दाबलं. मग तिच्या शेजारची, मग पलीकडची. मधून कडेकडे गेलं की हवेला वाट मिळते. समोरच्या कडेची पट्टी आधीच लावली होती, म्हणजे वरचा तक्ता तिच्यावर येतो आणि सांडलेलं पाणी सांध्यात न शिरता खाली ओघळतं. जास्तीची कड कानशीने घासली, ती पुढे आणि खाली ढकलत. मागे ओढताना कानस उचलून घ्यायची, नाहीतर तक्ता कडेला सुटतो.

शेवटी काका बोटाच्या पेराने ठोकत एका टोकाकडून दुसरीकडे गेले. टक, टक, टक. मागच्या कोपऱ्याशी आवाज बदलला, पोकळ झाला. जागा रुपयाएवढी. त्यांनी इस्त्री मागितली, सुती फडकं दुमडून त्या जागेवर ठेवलं आणि मंद इस्त्री फिरवली. गोंद उबेने मऊ झाला तशी लाटण्याने जोर देऊन ती जागा दाबली, गार होईपर्यंत दाबूनच धरली.

मग म्हणाले, “आता तुम्ही ठोका.” मी ठोकलं. आवाज भरीव होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच.