बोगार्ट प्रेमात पडतो कधी?

हौशी रंगभूमीवर नाटक बसवताना पात्रनिवडीच्या दिवशी मी एकच गोष्ट बघतो: ज्या प्रसंगावर नाटक उभं आहे, तो प्रसंग हा नट पेलेल का? बाकीचं तालमीत जमवता येतं. बिली वाइल्डरचा ‘सॅब्रिना’ (१९५४) बघताना हा प्रश्न दर वेळी छळतो.

गोष्ट आपल्याकडे ‘ये दिल्लगी’मुळे (१९९४) अनेकांना ठाऊक आहे. लाँग आयलंडवरच्या श्रीमंत लॅरबींच्या ड्रायव्हरची मुलगी धाकट्या, छंदीफंदी डेव्हिडवर जीव लावून बसते. पॅरिसला स्वयंपाक शिकून ती नखशिखांत बदलून परतते आणि डेव्हिड पाघळतो. पण त्याचं लग्न साखरसम्राटाच्या मुलीशी ठरलंय, त्यात धंद्याचा सौदा अडकलाय. तो फिसकटू नये म्हणून थोरला लायनस सॅब्रिनाशी प्रेमाचं सोंग करतो आणि सोंग करता करता खरोखरच गुंततो.

वाइल्डरला लायनस म्हणून कॅरी ग्रँट हवा होता. मिळाला हम्फ्री बोगार्ट. चित्रीकरणाच्या वेळी तो ५३ वर्षांचा, सॅब्रिना झालेली ऑड्री हेपबर्न २४ची.

सौदेबाज लायनस बोगार्टने झकास रंगवलाय. सॅब्रिनाला होडीतून फिरवायला नेताना लायनस कॉलेजातला स्वेटर अन् टोपी चढवतो, जुन्या रेकॉर्डी वाजवतो. त्या सोंगातलं अवघडलेपण बोगार्टला शोभतं. गाडी अडते ती पुढे. सोंग संपून प्रेम सुरू झालं, हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसायला हवं. ते दिसत नाही. अखेर तो तिचं जहाज गाठायला धावतो, तेव्हा पटकथा सांगते म्हणून आपण मान डोलावतो.

मग ‘कॅसाब्लांका’तला (१९४२) प्रियकर रिक याच नटाने कसा अजरामर केला? तिथे प्रेम आधीच होऊन गेलेलं आहे. रिकला जखम झाकायची आहे, आणि झाकण्यात बोगार्टचा हात धरणारा कुणी नव्हता. लायनसला मात्र उघडं पडायचं होतं.

लोक वयाच्या अंतराला बोल लावतात. मला ते अर्धंच पटतं. ‘शरेड’मध्ये (१९६३) हेपबर्नसमोर अखेर ग्रँट आला, तोही तिच्याहून २५ वर्षांनी मोठा. पण तिथे तीच त्याच्या मागे लागते आणि तो स्वतःच्या वयाची सबब पुढे करत राहतो. प्रेक्षकाच्या मनातली शंका पात्रांनीच बोलून दाखवली, त्यामुळे तिचा विनोद झाला. ‘सॅब्रिना’त वयाचे टोमणे आहेत, पण त्यांच्या आडून डोकावणारा प्रेमिक नाही.

चित्रपट तरला तो हेपबर्नमुळे. तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण प्रेम करण्याचं काम तिला दोघांच्या वाटचं करावं लागलं. शिवाय डेव्हिड झालेला विल्यम होल्डन पडद्यावर इतका लोभस, की तिने धाकट्यालाच हो म्हणायला हवं होतं, असं वाटत राहतं. प्रेमकथेत नायकाची निवड चुकते ती अशी: नायिकेचा निर्णय प्रेक्षकाला मान्य होत नाही.