‘गॅरेज’ म्हणजे काय? पार्किंगच्या पैशांचा एक हिशेब

वाङ्मय मंडळाच्या अंकात पार्किंगचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण मी ज्या खटल्याबद्दल लिहिणार आहे तो शेवटी एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठरला. म्हणून तो आपल्या अंकातही बसतो, असं मला वाटतं.

मी जोयडा तालुक्यातल्या कुळगीची. आमच्याकडे गाडी दारात उभी राहते आणि पाहुणा आला तर आपली थोडी पुढे घ्यायची, एवढाच पार्किंगचा नियम. माझ्या मामाने निवृत्तीनंतर मुंबईच्या उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीत घर बघितलं, तेव्हा घरमालक म्हणाला, “फ्लॅटची किंमत ठरली, खालच्या पार्किंगचे तीन लाख वेगळे.” मामाची सगळी पुंजी त्या घरात चाललेली. मामी म्हणाली, सगळेच देतात, देऊन टाका. मामाने मला फोन करून विचारलं, “तू कॉलेजात शिकतेस ना? बघ जरा, हे बरोबर आहे का.” मग मी शोधायला बसले.

यावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल मुंबईतल्याच एका सोसायटीचा आहे. दहिसर पूर्वेला आनंदनगरात पांचाली नावाची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिथे ५६ फ्लॅट आणि खांबांवर उभ्या इमारतीच्या तळाशी २५ गाड्यांची जागा. तळाच्या या मोकळ्या जागेला ‘स्टिल्ट’ म्हणतात. नहालचंद लालूचंद या बिल्डर कंपनीचं म्हणणं होतं की या २५ जागा आमच्या, त्या आम्ही कुणालाही विकू. फ्लॅट घेणाऱ्यांनी ‘आमची हरकत नाही’ असं लिहूनही दिलं होतं. सोसायटीने आपल्याला अडवू नये म्हणून कंपनी कोर्टात गेली. शहर दिवाणी न्यायालयात हरली, उच्च न्यायालयात हरली आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरली. निकाल न्या. आर. एम. लोढा आणि न्या. ए. के. पटनाईक यांच्या खंडपीठाचा.

आता शब्दाकडे येऊ. महाराष्ट्रात १९६३चा मालकी फ्लॅटचा कायदा आहे, लोक त्याला ‘मोफा’ म्हणतात. त्या कायद्यात ‘फ्लॅट’ची व्याख्या करताना त्यात ‘गॅरेज’ही धरलं आहे. म्हणजे बिल्डरला फ्लॅट विकता येतो, तसं गॅरेजही विकता येतं. कंपनीचा युक्तिवाद असा की गाडी ठेवायची जागा म्हणजे गॅरेज, म्हणून स्टिल्टसुद्धा गॅरेजच. न्यायालयाने शब्दकोशातला अर्थ पाहिला, पण तो इथे फार सैल पडतो असं सांगितलं. हा शब्द सामान्य फ्लॅट घेणारा माणूस जसा समजेल तसाच घ्यायचा, आणि त्याच्या डोळ्यांपुढे गॅरेज म्हटलं की वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती येतात. मोकळा स्टिल्ट त्यात बसत नाही. तो इमारतीचा सामाईक भाग आहे आणि सामाईक भाग बिल्डरला वेगळा विकता येत नाही. आणि ती लिहून दिलेली संमती? कायद्याने जो हक्क बिल्डरला दिलेलाच नाही, तो रहिवाशांच्या सहीने तयार होत नाही.

पुढे २०१६ साली ‘रेरा’ हा केंद्राचा कायदा आला. त्यात उघडं पार्किंग सरळ सामाईक जागांमध्ये धरलं आहे. हा कायदा कर्नाटकालाही लागू आहे, त्यामुळे उद्या दांडेलीत किंवा धारवाडमध्ये कुणी नव्या प्रकल्पात घर घेतलं तरी हा मुद्दा उपयोगी पडेल. एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. महाराष्ट्रात रेराखालच्या नव्या इमारतींमध्ये मंजूर नकाशात दाखवलेलं गॅरेज किंवा झाकलेलं पार्किंग बिल्डर पैसे घेऊन देऊ शकतो, पण उघड्या पार्किंगचे पैसे घेता येत नाहीत. महारेराने २०२१मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आहे. म्हणून आधी विचारायचं, इमारत कुठल्या कायद्याखाली आली?

दुसरी गोष्ट म्हणजे किंमत आणि शुल्क यांत गल्लत करायची नाही. सोसायटी महिन्याच्या बिलात पार्किंग शुल्क लावते, ते गैर नाही. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. सेक्रेटरीने मनाने ठरवून चालत नाही. जागा मिळालेल्या सभासदाने गाडी लावो न लावो, शुल्क द्यायचं असतं. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर सोडत काढायची. आणि सोसायटीने वापरायला दिलेली जागा सभासदाला विकता येत नाही. मामाचा प्रश्न नेमका इथेच होता.

मग वाद घालायचा कसा? आवाज चढवून काही होत नाही, हे मामाकडूनच शिकले. त्याने तीन कागद मागितले: मंजूर नकाशा, जागा कुणी आणि कशी दिली ते पत्र, आणि शुल्काचा दर ठरवणारा सभेचा ठराव. मागणी लेखी केली आणि पोच घेतली. त्या मालकाकडे सोसायटीचं वाटपपत्र तेवढं निघालं, विक्रीचा कागद नव्हताच. तीन लाखांची गोष्ट तिथेच थांबली. आता मामा सोसायटीत रीतसर अर्ज करून जागा मिळवून बसलाय आणि दरमहा शुल्क भरतो, कुरकुर न करता.

कुणाचं भांडण सोसायटीच्याच बिलावर असेल तर पूर्ण बिल अडवून ठेवू नका. थकबाकीदार ठरलात तर वसुलीचा रस्ता सोसायटीला मोकळा होतो. लेखी हरकत नोंदवून पैसे भरा, मग उपनिबंधकांकडे तक्रार करा. सोसायटी आणि सभासद यांच्यातल्या वादांसाठी १९६०च्या सहकार कायद्यात कलम ९१खाली सहकार न्यायालयही आहे.

आपण भाषेचे विद्यार्थी. करारपत्र आलं की ते वकिलाचं काम म्हणून बाजूला सारतो. पण ‘गॅरेज’, ‘सामाईक’, ‘वाटप’, ‘विक्री’ हे शब्द नीट वाचता येणं हे आपलंही काम आहे. घरात कुणी सही करायला बसलं असेल तर त्यांच्या शेजारी बसा आणि प्रत्येक शब्द मोठ्याने वाचून दाखवा.