भुसावळचं ऊन आणि चिपचा ताप

लॅपटॉपवर गेम अडखळायला लागला की कुणीतरी दादा सांगतोच, "ओव्हरक्लॉक कर, पळेल!" म्हणजे करायचं काय? प्रोसेसरच्या आत सतत एक ठोका पडत असतो आणि चिपचं सगळं काम त्या तालावर चालतं. 3 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 3 अब्ज ठोके! कंपनीने ठरवलेल्यापेक्षा ते वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

ठोके वाढवले की बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. आणि उष्णता ठोक्यांच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत! दोन्ही 10 टक्क्यांनी वाढवून बघा: 1.1 × 1.1 × 1.1 = 1.331. वेग 10 टक्के जास्त, उष्णता 33 टक्के. उलट, व्होल्टेज कमी केलं तर? पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्या पेंटियम प्रोसेसरच्या जडणघडणीत आघाडीवर होते, तो 1993 साली 5 व्होल्टवर चालायचा. वेग 60 आणि 66 मेगाहर्ट्झ. पुढच्याच वर्षी ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले बारीक स्विच, आणखी लहान करून व्होल्टेज 3.3 वर आणलं. वेग 100 मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि उष्णता उलट घटली! मला हे फार सुंदर वाटतं.

आता आपल्या खानदेशात या. चिपची उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्यापर्यंत येते आणि पंखा ती खोलीतल्या हवेत सोडतो. ती किती भरभर जाणार, हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिप 95 अंशांवर आहे असं धरू. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे हवा 10 अंश, म्हणजे फरक 85. भुसावळला मे महिन्यात हवा 45, फरक फक्त 50! पंखा तोच, नळी तीच, पण उष्णता जाणार जेमतेम साठ टक्के. मग 100 अंशांच्या आसपास चिप स्वतःच ठोके कमी करते. वाढवलेला वेग गेला की वाया!

शेजारच्या बॅटरीलाही हा ताप सोसत नाही. तिचं आयुष्य घटतं, कधी ती फुगते. चिपमधल्या बारीक तारांतले धातूचे अणूही जास्त उष्णतेत आणि विजेच्या रेट्यात हळूहळू सरकतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये ओव्हरक्लॉकिंगची सोय कुलूपबंदच असते. 2022 साली एका डेस्कटॉप चिपने 9 गिगाहर्ट्झ ओलांडले, पण उणे 269 अंशांचं द्रवरूप हेलियम ओतून!

तुम्ही एक करा. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर मोठ्यांकडून टाकून घ्या. तोच गेम पहाटे आणि भर दुपारी तेवढाच वेळ खेळा, आकडे वहीत लिहा. फरक किती येतो, आम्हाला कळवा.