एस.टी.ने चला, भुईकोट पाहायला!

विद्यार्थी मित्रांनो, किल्ला म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? उंच डोंगर, तुटलेले कडे, दमछाक करणाऱ्या पायऱ्या! २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. मग कळमनुरीच्या मुलांनी किल्ला पाहायला सह्याद्रीच गाठायचा का? मुळीच नाही. सकाळची एस.टी. धरा, नांदेडला गाडी बदला आणि कंधारचा किल्ला पाहून संध्याकाळी घरी या. कळमनुरी ते नांदेड अंतर सुमारे ७० कि.मी. आणि तेथून कंधार आणखी ५० च्या आसपास.

गाडीत खिडकीजवळ बसा, कारण धडा तेथूनच सुरू होतो. कळमनुरीकडील पावसाचे पाणी कयाधूतून पैनगंगेत जाते आणि पुढे वर्धा व प्राणहिता या नद्यांतून फार लांबचा वळसा घेऊन गोदावरीला मिळते. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर मागे टाकून तुम्ही नांदेडजवळ आलात की आसना नदीचा पूल लागतो. आसनेचे पाणी मात्र थेट गोदावरीत जाते. म्हणजे वाटेत तुम्ही दोन खोऱ्यांमधला जलविभाजक ओलांडलात! पण गाडी घाट चढली का? नाही. इतका हा प्रदेश सपाट, मोकळा आहे.

अशा प्रदेशात किल्ला बांधणाऱ्यापुढे मोठाच प्रश्न असतो. शत्रूला अडवायला कडा नाही, मग अडवायचे कशाने? स्वित्झर्लंडमध्ये बेलिन्झोना या गावी आल्प्सच्या दरीत तीन किल्ले आहेत. तेथे दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने मधली दरी तटाने अडवली की वाट बंद होते. दौलताबादला टेकडी होती. तिच्या बाजू तासून सरळ कडे केले गेले. कंधारला यांपैकी काहीच नव्हते. तेथे बांधणाऱ्यांनी जमीन खोल खणून खंदक केला, त्यात पाणी ठेवले आणि आत दुहेरी तट उभारला. डोंगर वर चढतो, खंदक खाली उतरतो. काम दोघांचे एकच!

पाण्याने भरलेला खंदक किती उपयोगी असतो पाहा. तटाला शिड्या लावता येत नाहीत. तटाखाली सुरुंग खणू लागले तर त्यात पाणी शिरते. तटाच्या बाहेर आलेले बुरूज नीट पाहा. एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता येतो.

कंधारचा इतिहास राष्ट्रकूटांपर्यंत मागे जातो. तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) या राजाशी या गावाचे नाव जोडले जाते. गावाजवळचा जगत्तुंग सागर हा तलावही राष्ट्रकूटांचीच आठवण देतो. पुढे बहामनी, निजामशाही, मोगल, निजाम अशा अनेक सत्ता येथे नांदल्या.

खंदक किती रुंद आहे? आकडा येथे देत नाही, तो तुम्हीच काढा. पाण्यात उतरायचे नाही, काठाशी जायचे नाही! पलीकडच्या तटावर एक ठळक दगड निवडा. त्याच्या अगदी समोर, काठापासून सुरक्षित अंतरावर उभे राहा. तेथून काठाला समांतर २० पावले चाला आणि काठी रोवा. तशीच आणखी १० पावले जा. आता काटकोनात वळून खंदकाकडे पाठ करून चालू लागा. काठी आणि तो दगड एका रेषेत दिसले की थांबा. वळल्यापासून चाललेल्या पावलांची दुप्पट म्हणजे तुमच्या पहिल्या जागेपासून त्या दगडापर्यंतचे अंतर. त्यातून काठापर्यंतची पावले वजा करा. दुप्पट का? समरूप त्रिकोण आठवा. पावलाची लांबी मोजून उत्तर मीटरमध्ये मांडा.

आता एक कठीण गोष्ट. जुन्या तटांचा आजचा शत्रू तोफ नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी चुन्याच्या सांध्यात पडते, मुळे फुगतात आणि दगड सुटू लागतात. दुसरा शत्रू म्हणजे दगडावर नाव कोरणारा पाहुणा. पिंपळाला कळत नाही, तुम्हांला कळते. कोठे रोप उगवलेले दिसले तर उपटू नका, सांधा आणखी सैल होईल. त्याची जागा टिपून ठेवा आणि गुरुजींमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा.

निघण्यापूर्वी दोन सूचना. कंधारला उतरताच चौकशीच्या खिडकीवर परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या. नांदेडहून कळमनुरीची शेवटची गाडी केव्हा, हेही जातानाच पाहून ठेवा. आणि वही, दोरी, पाण्याची बाटली विसरू नका. वहीतली आकडेमोड दुसऱ्या दिवशी वर्गात ताडून पाहा. सर्वांची उत्तरे सारखी आली नाहीत, तर का आली नाहीत हे शोधणे हाही सहलीचाच भाग आहे.