कूटलेखनाविषयी काही गैरसमज

क्षेत्रकार्यात घेतलेल्या मुलाखती आता बहुधा मोबाइलमध्येच साठविल्या जातात व व्हॉट्सअ‍ॅपवरून मार्गदर्शकाकडे धाडल्या जातात. निवेदकास दिलेले गुप्ततेचे वचन अशा वेळी ‘एन्क्रिप्शन’ ह्या एका शब्दावर सोपविले जाते. म्हणून त्या शब्दाची व्याप्ती नेमकी पाहणे अगत्याचे आहे.

एन्क्रिप्शन अथवा कूटलेखन म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात मजकूर पालटणे. त्याची पद्धत लपविली तरच तो सुरक्षित राहतो, हा पहिला गैरसमज. वस्तुतः पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बाधा येता कामा नये, असे ऑगस्त केर्कहॉफ्स ह्याने १८८३ मध्येच प्रतिपादिले होते. गुप्त राखावयाची ती किल्ली. आज रूढ असलेल्या प्रमुख पद्धती प्रसिद्ध केलेल्या आहेत आणि तज्ज्ञांच्या चिकित्सेस त्या उतरल्या, हेच त्यांचे बळ होय.

दुसरा गैरसमज ब्राउझरमधील कुलपाच्या चिन्हाविषयीचा. वाचकाचे यंत्र व त्या पत्त्यावरील सर्व्हर ह्यांमधील वाट बंदिस्त आहे, एवढेच ते चिन्ह सांगते; पलीकडचा इसम प्रामाणिक असल्याची ग्वाही ते देत नाही. फसवणुकीसाठी उभारलेल्या संकेतस्थळासही तसे प्रमाणपत्र विनामूल्य मिळू शकते. ह्या संभ्रमामुळेच क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये कुलपाऐवजी दुसरे चिन्ह योजिले.

तिसरा गैरसमज अधिक घातक आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये सर्व संदेशांस एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शन लागू केले. त्यामुळे मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही, हे खरे. तथापि कोणी कोणास व केव्हा लिहिले, हा तपशील त्या आवरणाबाहेर राहतो. शिवाय दोन्ही टोकांस मजकूर उघडाच असतो. हरवलेला मोबाइल, स्क्रीनशॉट, क्लाउडवर गेलेली बॅकअपची प्रत ह्या वाटांनी तो बाहेर पडू शकतो. बॅकअपच्या प्रतीसही तेच संरक्षण देण्याची सोय २०२१ मध्ये झाली, परंतु ती ऐच्छिक म्हणून.

तात्पर्य, कूटलेखन मार्गाचे रक्षण करते, टोकांचे नव्हे. निवेदकाचे नाव मुलाखतीपासून वेगळे ठेवणे, त्याऐवजी क्रमांक योजणे, काम संपताच दोन्ही मोबाइलांतील प्रती पुसणे, ही दक्षता संशोधक व मार्गदर्शक ह्या दोघांनीही घ्यावयाची असते. नाव उघड झालेच, तर त्याचे परिणाम प्रथम निवेदकासच भोगावे लागतात.