भूकंपाच्या तोंडावरची तेरा मिनिटं

सॅन फ्रान्सिस्कोचा मार्केट स्ट्रीट, १९०६ सालचा वसंत. एका केबल कारच्या अगदी पुढच्या टोकाला कॅमेरा बसवलाय आणि हॅरी माइल्स त्याचा दांडा हाताने गरगर फिरवतोय. आठव्या स्ट्रीटपासून निघालेली गाडी सरळ खाडीच्या दिशेने जाते आणि फेरी बिल्डिंगच्या उंच मनोऱ्यापाशी थांबते. बस, इतकाच चित्रपट. ‘अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट’ हे त्याचं नाव, लांबी साधारण तेरा मिनिटं. गोष्ट नाही, नट नाही, आवाज नाही. तरीही तो सुरू झाला की जागचं हलवत नाही!

असे चित्रपट तेव्हा लोकांना वेड लावत होते. आगगाडीच्या किंवा ट्रामच्या नाकावर कॅमेरा ठेवायचा आणि समोर उलगडत जाणारा रस्ता टिपायचा. पडद्यावर गाडी दिसतच नाही, नुसता वेग दिसतो. म्हणून त्यांना ‘फँटम राइड’ म्हणत. जॉर्ज हेल नावाच्या कॅन्सस सिटीच्या माजी अग्निशमन प्रमुखाने तर अशा फिल्म दाखवायला चक्क रेल्वेच्या डब्यासारखी थिएटरं बांधली. दारात गणवेशातला कंडक्टर, आत हलणारा डबा. घरापासून हजार मैलांवरचं शहर बघायला प्रवासाचा खर्च नको, सामान नको, तिकिटाचे थोडे पैसे पुरेत.

पण हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यातून इतका संथ, एकसारखा पुढे सरकणारा रस्ता आला कुठून? त्याचं श्रेय केबल कारला. या गाडीला इंजिन नव्हतं, घोडे नव्हते आणि विजेची मोटरही नव्हती. रस्त्याखालच्या खोबणीतून पोलादी दोर सतत धावत असे, विहिरीवरच्या रहाटाची माळ न संपता फिरत राहावी तसा. तो फिरवणारं यंत्र दूर कुठेतरी एका इमारतीत. गाडीवाल्याच्या हातात एक मोठी पकड. पकड आवळली की गाडी दोराबरोबर ओढली जायची. ती सोडून ब्रेक दाबला की थांबायची. ही शक्कल सॅन फ्रान्सिस्कोतच अँड्र्यू हॅलिडी यांनी १८७३मध्ये रस्त्यावर आणली होती. दोराचा वेग ठरलेला, म्हणून गाडीचा वेगही ठरलेला. सिनेमावाल्यांना कॅमेरा ठेवायला याहून चांगली जागा त्या काळी कुठे मिळणार होती?

आता रस्त्याकडे बघा. सिग्नल नाहीत, पट्टे नाहीत. घोडागाड्या, सायकली, ट्राम आणि पायी माणसं कुठूनही कुठेही जातायत. लांब झग्यातल्या बायका रूळ ओलांडतात, टोपीवाले पुरुष ऐन वेळी गाडीसमोरून निसटतात. आपला जीव टांगणीला लागतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर रेषासुद्धा हलत नाही. मधूनच कुणी कॅमेऱ्याकडे रोखून बघतं, आणि शतकापूर्वीच्या त्या माणसाशी आपली थेट नजरानजर होते.

आणि मोटारी किती! १९०६मध्ये एवढ्या? नीट बघा, नंबर वाचा. त्याच त्याच मोटारी केबल कारला वळसा घालून पुन्हा पुन्हा समोर येतात. एक मोटार तर दहा वेळा येते. खरं तर तेव्हा या शहरात मोटार अजून नवलाईची होती, रस्ता होता घोड्यांचाच. आपलं शहर आधुनिक आणि भरभराटीचं दिसावं म्हणून चित्रपटवाल्यांनी ही गर्दी मुद्दाम घडवून आणली असावी. म्हणजे माहितीपटात थोडी सजावट करायची हौस माहितीपटाइतकीच जुनी आहे.

गंमत अशी की या सजावटीनेच पुढे एक कोडं सोडवायला मदत केली.

हा चित्रपट नेमका कधीचा? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत बरीच वर्षं सप्टेंबर १९०५ ही तारीख होती. अर्धवट बांधलेल्या इमारतींवरून काढलेला तो अंदाज. सावल्यांच्या कलावरून ठरवावं, तर तिथेही पेच. सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि दक्षिणेकडे परतताना पुन्हा एकदा आकाशात त्याच वाटेने जातो, त्यामुळे वसंतातली सावली आणि शरदातली सावली सारखीच पडते. एकटी सावली साक्ष देईल, पण अर्धीच.

मग डेव्हिड कीन या चित्रपट-इतिहासकाराचं लक्ष गेलं रस्त्यावरच्या डबक्यांकडे. पाणी आहे म्हणजे पाऊस पडून गेलाय. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतले हवामानाचे वृत्तान्त काढले. सप्टेंबर १९०५ कोरडा होता. पावसाचे दिवस जुळत होते ते १९०६च्या वसंताशी. नंतर त्यांनी मोटारींचे नंबर तपासले. कॅलिफोर्नियात मोटारींची सरकारी नोंदणी नुकतीच, १९०५मध्ये सुरू झाली होती. पडद्यावर दिसणाऱ्या एका मोटारीची नोंद झाली होती १९०६च्या सुरुवातीला. जी मोटार १९०५मध्ये नोंदलेलीच नव्हती, ती त्या सालच्या चित्रपटात नंबर मिरवत फिरणार कशी? डबकं आणि नंबरप्लेट! हॅरी माइल्सने या दोन्हींसाठी कॅमेरा लावला नव्हता. ती नुसती चौकटीत येऊन पडली आणि शंभर वर्षं तिथे थांबली.

आणि तारीख बदलताच सगळा चित्रपटच बदलतो. कारण १८ एप्रिल १९०६ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरलं. धक्का जेमतेम मिनिटभराचा, पण गॅसचे नळ फुटून आगी लागल्या, आणि पाण्याचे नळही फुटल्यामुळे त्या विझवता येईनात. शहर तीन दिवसांहून जास्त जळत राहिलं. सुमारे तीन हजार माणसं गेली, चार लाखांच्या वस्तीतले निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. मार्केट स्ट्रीटवरचं पॅलेस हॉटेल जळालं. हॅरी आणि त्याचे भाऊ, म्हणजे माइल्स बंधू, यांचा स्टुडिओही याच रस्त्यावर होता. तोही गेला.

मग फिल्म कशी वाचली? ती आदल्याच रात्री न्यूयॉर्कच्या वाटेला लागली होती! त्यातही त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे स्फोटकांच्या घरातलीच. पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे ती पाण्याखालीसुद्धा विझत नाही. असली वस्तू त्या आगीत सापडती, तर तिचं काय उरलं असतं? एका रात्रीचा उशीर, आणि ती माणसं, ती डबकी, त्या घिरट्या घालणाऱ्या मोटारी आपल्याला कधीच दिसल्या नसत्या. २०१०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत तिला जागा मिळाली, ती हक्काचीच.

केबलचा तो संथ प्रवासही मार्केट स्ट्रीटवर पुन्हा झाला नाही. ट्राम कंपनीला डोक्यावरून विजेच्या तारा न्यायच्या होत्या आणि रस्ता विद्रूप होईल म्हणून व्यापारी विरोध करत होते. भूकंपानंतर काही आठवड्यांतच कंपनीला परवानगी मिळाली.

या गोष्टीला आणखी एक जोड आहे. माइल्स बंधू भूकंपानंतर कॅमेरा घेऊन पुन्हा त्याच रस्त्यावर गेले होते. ती फिल्म हरवली, असंच सगळे धरून चालले होते. आणि अलीकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या बाजारात तसल्याच नायट्रोसेल्युलोज फिल्मची एक गुंडाळी सापडली. नऊ मिनिटांची, तीच! एप्रिल २०१८मध्ये ती नाइल्सच्या मूकपट संग्रहालयात लोकांना दाखवली गेली. आता दोन्ही फिल्म कुणालाही पाहता येतात. माझं सांगणं इतकंच, की आधी भूकंपानंतरची बघा आणि मग पहिली. मोडलेल्या भिंती डोळ्यांत असतानाच रूळ ओलांडणाऱ्या त्या निर्धास्त माणसांकडे बघा, आणि मोटारींचे नंबर मोजायला विसरू नका.