धरणाचा पाया आणि खडकाची ताठरता

‘मजबूत खडक’ या नित्याच्या शब्दप्रयोगात दोन भिन्न गुण एकत्र आलेले असतात. खडक किती भाराखाली फुटतो, यावरून त्याची बळकटी ठरते. न फुटता किती दबतो, यावरून ताठरता. धरणाच्या आराखड्यात ही गल्लत परवडत नाही. विशेषतः कमानी धरण आपला भार दोन्ही तीरांवर टाकते. तेथे एका बाजूचा खडक दुसऱ्याहून अधिक दबला, तर कमानीतील प्रतिबलांची वाटणीच पालटते.

अडचण अशी की, प्रयोगशाळेत पोचतो तो वीतभर लांबीचा अखंड दंडगोल. पाया मात्र भेगा, सांधे व कुजलेले थर यांसह पसरलेला खडकसमूह असतो. भार येताच प्रथम मिटतात त्या भेगाच. शिवाय छिद्र घेताना जो भाग मोडतो, तो चाचणीस जातच नाही; नमुन्याची निवडच पक्षपाती होते! यास्तव समूहाचा विरूपण-गुणांक नमुन्याहून पुष्कळ कमी भरतो.

परीक्षणासाठी खोदलेल्या बोगद्यात पोलादी तबकडी जॅकने खडकावर दाबून प्रत्यक्ष मापन करता येते. परंतु ते खर्चिक असते, आणि सुरुंगाने सैल झालेला पृष्ठभाग आकडा घटवतो. उलट कंपनलहरींच्या वेगावरून काढलेला गुणांक सामान्यतः फाजील मोठा येतो.

म्हणून बळकटी, भेगा, पाणी इत्यादींना गुण देऊन १०० पैकी बेरीज करण्याची बिएनियाव्स्की यांची पद्धत रूढ झाली. त्यांच्या १९७८ च्या सूत्रानुसार गुणांची दुप्पट करून १०० वजा केले की गुणांक गिगापास्कलमध्ये मिळतो. ६० गुणांना २० ठीक. पण ५० गुणांना शून्य, त्याखाली ऋण! जेथे अंदाजाची निकड अधिक, तेथेच सूत्र मुके होते. सेराफिम व परेरा यांच्या १९८३ च्या घातांकी सूत्राने ही उणीव भरून काढली. त्यानुसार ६० गुणांना सुमारे १७.८ आणि ४० गुणांना सुमारे ५.६ गिगापास्कल येतात.

तथापि एकाच आकड्यात दिशा मावत नाही, पाणीही नाही. फ्रान्समधील मालपासे येथील कमानी धरण २ डिसेंबर १९५९ रोजी फुटले व ४०० हून अधिक माणसे दगावली. तज्ज्ञांत बहुमान्य झालेल्या स्पष्टीकरणानुसार, धरणाच्या भाराने डाव्या तीराच्या पट्टिताश्मातील भेगा मिटल्या, पाण्याची वाट कोंडली आणि त्याच्या वाढत्या दाबाने खडकाचा प्रचंड तुकडा सरकला. भेगा मिटल्या की खडक ताठर होतो. मालपासे येथे त्याच मिटण्याने पाणी अडवून धरले.